बेड म्हणजे नको

सह्या घेण्यात माझा हात धरणारं आमच्या दवाखान्यात कुणी नव्हतं. हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. सव्वीस वर्षं झाली मला इथं बंगळुरात, बाळंतिणींच्या वॉर्डात. आधी आया होते, मग मोठी आया झाले, आणि आता दोन वर्षांपासून छातीवर बिल्ला आहे, 'भाषा मदतनीस'. मूळची मी निपाणीची. मराठी घरातली, कन्नड शाळेतलं आणि हिंदी बंगळुरातल्या रिक्षावाल्यांशी भांडून भांडून आलेली. नाव भागुबाई. इथल्या पोरी भागुअक्का म्हणायच्या, त्याचं भागक्का कधी झालं ते मलाही कळलं नाही. आता आमचे परसूसुद्धा, म्हणजे माझा नवरा, मला भागक्का म्हणतात. लग्नाच्या नवऱ्यानं अक्का म्हणायचं, काय बोलावं.

तर सही. कागद घेऊन जायचं, पेन बाईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "इथं कर बाळ, इथं कर, आणि हिथं मालकांची. देवाचं नाव घे." तीन मिनिटांत काम मोकळं. एखादीनं विचारलंच, काय लिहिलंय मावशी, तर म्हणायचं, "नेहमीचंच गं. सगळ्याच करतात." ह्याच्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

मग डॉक्टर संध्या आल्या. म्हैसूरच्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, बोलणं इतकं हळू की कान पुढं करावा लागतो. त्यांनी आल्या आल्या नियम काढला की सही म्हणजे होकार नव्हे. काय करणार आहोत ते बाईला तिच्या भाषेत सांगायचं, आणि मग तिनं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगता आलं तर तिला कळलं, नाहीतर नाही. वॉर्डात ह्याला 'परतसांग' असंच नाव पडलं. माझ्या छातीवरचा बिल्लाही त्यांनीच लावला. बिल्ला मी घेतला, पण नियम काही घेतला नाही. म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. आता बाळंतिणींना पाढे म्हणायला लावा म्हणावं.

अशात सिद्धी नाव नोंदवायला आली. आठवा महिना, दुसरं बाळ. नागपूरची मुलगी, पुण्यात दिलेली, आणि आता दोघं नवरा-बायको इथं सर्जापूर रोडला कुठल्याशा कंपनीत. नवऱ्याचं नाव निहार. मी नेहमीसारखं पेन पुढं केलं.

"मावशी, मी आधी वाचते नं," ती म्हणाली.

सहा पानं होती. चाळीस मिनिटं वाचत बसली. मी तीनदा खोकले, एकदा पंखा बंद करून चालू केला. निहार बिचारा म्हणाला, "सिद्धी, मी साइन करून टाकू का?" तिनं मान वर करून नुसतं बघितलं, तसं त्यानं आपलं पेन खिशात ठेवून दिलं. कळांचं दुखणं थांबवायच्या इंजेक्शनचा, म्हणजे ते पाठीतून देतात त्याचा, एक रकाना असतो. त्यात तिनं लिहिलं, 'वेळेला मला विचारा.' आणि शेवटच्या पानावर, सहीच्या वर, ठळक अक्षरांत लिहिलं, 'कापायच्या आधी मला सांगा.'

माझ्या नाकावरचा राग काही लपत नाही. म्हटलं, "अगं, बाळ बाहेर यायला जागा कमी पडली तर डॉक्टर कापणारच. तुला सांगून काय व्हायचंय?"

ती चिडली नाही. खुर्ची जरा पुढं ओढली. "अभिराजच्या वेळी मी माहेरी होते," ती म्हणाली. अभिराज तिचा मोठा, तीन वर्षांचा. "डॉक्टर मराठी, नर्स मराठी, आया मराठी. मी विचारत होते काय करताय, काय करताय. म्हणाले, तू जोर लाव. मला कात्रीचा आवाज आला. मला वाटलं कापूस कापताहेत. टाके घालायला लागले तेव्हा कळलं काय कापलं ते. गरज असेलही मावशी, मी भांडत नाही. पण तोंडानं सांगायला किती वेळ लागतो?"

निहार जमिनीकडं बघत होता. खरं कुणी तोंडावर बोललं की मी आणखी चिडते. कागद उचलले आणि डॉक्टरांकडं नेऊन टाकले. म्हटलं, "दुधानं तोंड पोळलंय हिचं, आता ताक फुंकून पितीय. तुम्हीच बघा." डॉक्टरांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "भागक्का, ज्या दिवशी ही येईल त्या दिवशी पहिल्या कळेपासून तुम्ही हिच्याजवळ."

"तिला फाडफाड इंग्लिश येतं की," मी म्हटलं.

"कळा सुरू झाल्या की सगळ्यात आधी इंग्लिश पळतं," डॉक्टर म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी साडेआठला सिद्धी आली. मी जिन्यातूनच बघितलं. चाकाच्या खुर्चीत बसून ती सिक्युरिटीवाल्याशी इंग्लिश बोलत होती. म्हटलं, बघा, पळालंय का कुठं. आणि मी खाली कँटीनमध्ये खाराबात, म्हणजे इथला तिखट उपमा, खायला गेले. वर कॉफी घेतली. नंतर आणखी दोन बायकांचे कागद करून टाकले. ही माझी चूक, आणि ती माझी एकटीची आहे.

वरती काय झालं ते मी मागाहून जुळवलं. ड्यूटीवर चैत्रा होती, चोवीस वर्षांची, हासनकडची नर्स. पोरगी सोन्यासारखी, फक्त कन्नड सोडून बाकी भाषांत घसरते. पलंगावरची चादर बदलेपर्यंत सिद्धीची खुर्ची दारातच थांबवलेली, निहार खाली पैसे भरायला गेलेला. तेवढ्यात जोराची कळ आली. चैत्रानं कागद बघितला, त्यावर 'वेळेला मला विचारा' होतं, म्हणून तिनं विचारलं, "मॅडम, एपिड्युरल बेका?" एपिड्युरल म्हणजे ते पाठीतलं इंजेक्शन, आणि बेका म्हणजे हवं का.

सिद्धीला त्या घटकेला एकच पाहिजे होतं, आडवं व्हायला. ती म्हणाली, "बेड."

आता हे निपाणीच्या माणसाला सांगायला लागत नाही, पण तुम्हाला सांगते. कन्नडात बेड म्हणजे नको. आपण लिहिताना शेवटी काना द्यावा की न द्यावा असा तो उच्चार.

चैत्रा प्रामाणिक. डॉक्टरांनी शिकवलेलं, एकदा विचारून भागवायचं नाही. तिनं परत विचारलं, "बेड? पक्का बेड?"

"हो, बेड, बेड," सिद्धी म्हणाली आणि जोरात मानही हलवली.

चैत्रानं लिहिलं, 'इंजेक्शन नको म्हणाल्या. दोनदा विचारले.' वेळ टाकली, सही केली. मग चादर झाली आणि तिनं सिद्धीला पलंगावर निजवलं. सिद्धी म्हणाली, थँक्यू. दोघीही खूश.

मी साडेदहाला टंगळमंगळ करत वर गेले. सिद्धीच्या मुठी आवळलेल्या, केस कपाळाला चिकटलेले. निहार पाण्याची बाटली धरून उभा. मला बघून ती म्हणाली, "मावशी, इंजेक्शनवाले कधी येणार? दोन तास होत आले. कुणी विचारतच नाही."

मी कागद बघितला. चैत्राला बोलावलं. ती म्हणाली, "बेड म्हणाल्या की अक्का. मी दोनदा विचारलं." आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

खोटं बोलायला मला काही लागत नव्हतं. भूलवाले डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये अडकलेत, असं मी आजवर शंभर वेळा म्हटलं असेल. जिभेवर तयार होतं. पण ती माझ्याकडं अशी बघत होती की मला ते बोलवेना. मी सांगून टाकलं. तू बेड म्हणालीस, हिनं नको असं ऐकलं, आणि मी इथं असायला पाहिजे होते ती खाली खात बसले होते.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा तेच," आणि तोंड भिंतीकडं केलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चैत्राचे डोळे भरले. मी पलंगाला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला गेले, तिच्या तोंडासमोर खाली बसले. म्हटलं, "पोरी, सकाळचं परत आणता येत नाही मला. पण आता मी इथून हलत नाही. तुला सांगितल्याशिवाय ह्या खोलीत कुणी कात्री उचलायची नाही. डॉक्टरनंसुद्धा नाही."

"तुम्ही म्हणाला होता, सांगून काय व्हायचंय," ती म्हणाली.

"म्हणाले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चुकले."

तिनं डोळे मिटून घेतले. पण पुढची कळ आली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. बांगडी पिचली माझी.

डॉक्टर संध्या आल्या. त्यांनी तपासलं, कागद वाचला, चैत्राकडं आणि माझ्याकडं एकेकदा बघितलं. रागावल्या नाहीत, ते रागावण्यापेक्षा वाईट. सिद्धीची त्यांनी आधी माफी मागितली. मग कन्नडात मला सांगत गेल्या आणि मी मराठीत. पिशवीचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलंय. इंजेक्शन अजून देता येईल, पण बसवायला आणि लागू पडायला मिळून अर्धा तास धर. तोवर बाळ येऊही शकतं, किंवा आणखी दोन तास लागू शकतात, नक्की कुणी सांगू शकत नाही.

आणि मग मी, जिला हे पाढे वाटायचे तीच, स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "आता परत सांग बघू, काय समजलं."

सिद्धीनं सांगितलं. मध्ये एक कळ आली, ती संपल्यावर राहिलेलं सांगितलं. मग जरा विचार करून म्हणाली, "आता नको. पण हे नको माझं आहे. तसं लिहा."

चैत्रानं लिहिलं. लिहिताना तिनं मला विचारलं, "अक्का, मराठीत 'नको' म्हणजे 'नको'च ना? दुसरं काही नाही ना?" मी सिद्धीला ते सांगितलं. तिनं चैत्राकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी बेड मागत होते, आणि ती मला विचारत होती, पक्का नको का?" आणि हसायला लागली. हसता हसता कळ आली, तरी हसतच होती. निहार हसावं की नाही ह्या विचारात, आणि चैत्रा तोंडाला हात लावून. मला तर पोटात दुखेपर्यंत हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनच जरा श्वास घेता आला.

बारा वाजून गेले. आता जोर लावायची वेळ. डॉक्टरांचं म्हणणं किती खरं ते मी डोळ्यांनी बघितलं. इंग्लिश सकाळीच गेलं होतं. मग हिंदी गेली. मग पुण्याच्या सासरची मराठीही गेली, आणि आत खोल दडलेली नागपूरची आजीची बोली वर आली. "मले पाणी द्या," म्हणाली. निहारनं बाटली दिली. तो दचकला असावा, त्यानं बायकोला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात यंत्रावरचे बाळाचे ठोके मंदावले. कळ संपली तरी लवकर सावरेनात. मी सव्वीस वर्षं ते आवाज ऐकतेय, मला आकडा बघावा लागत नाही. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी हातमोजे बदलले. चैत्रानं ट्रे जवळ ओढला. ट्रेत कात्री होती, आणि सिद्धीनं ती बघितली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती घाबरली होती, नुसती घाबरली होती.

डॉक्टर तिच्या तोंडाजवळ वाकल्या. माझ्याकडं न बघता बोलत होत्या, पण थांबत थांबत, म्हणजे मला सांगता यावं. बाळाचे ठोके कमी होताहेत. डोकं अगदी जवळ आहे, पण जागा घट्ट आहे. जागा बधिर करून थोडं कापलं तर बाळ लगेच येईल. टाके पडतील, दुखेल, भरून येतील. नाही कापलं तर कदाचित आपोआप येईल, पण वेळ लागेल, आणि तो वेळ बाळाकडं किती आहे ते मला खात्रीनं सांगता येत नाही.

निहार रडवेला झाला. "डॉक्टर, करा ना, मी साइन करतो, कुठं करायची?"

"मी त्यांना विचारतेय," डॉक्टर म्हणाल्या, आणि सिद्धीकडंच बघत राहिल्या.

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, नाही म्हणाली तर? ठोके परत खाली गेले तर? पूर्वीची भागक्का असती तर म्हणाली असती, हो म्हण गं बाई, देवाचं नाव घे. ते शब्द मी गिळले. म्हटलं, "परत सांग, पोरी."

"ठोके कमी होतायत," ती धापा टाकत म्हणाली. "जागा कमी आहे. बधिर करून कापणार. टाके पडतील." मग तिनं विचारलं, "एक कळ थांबता येते का?"

मी विचारलं. डॉक्टर यंत्राकडं बघून म्हणाल्या, "एक. दुसरी नाही. औषध टोचून ठेवू का, म्हणजे तयारी राहील?"

"टोचा," सिद्धी म्हणाली. "ही कळ माझी. नाहीच आलं तर कापा. पण मले सांगून कापा."

डॉक्टरांनी बधिर करायचं औषध टोचलं, तेही सांगून. मग आम्ही सगळे ती कळ येण्याची वाट बघत उभे राहिलो. अर्धं मिनिट असेल, मला अर्धा दिवस वाटला. कळ आली. पोरीनं असा जोर लावला की तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. डोकं पुढं आलं, आणि परत जरा मागं गेलं. ठोके घसरले.

"सिद्धी," डॉक्टर म्हणाल्या. आणि मग, मी कधी शिकवलं नव्हतं, कुठून शिकल्या कोण जाणे, मराठीत म्हणाल्या, "कापू?"

"कापा."

पुढच्या कळेला बाळ आलं. मुलगी. आधी जरा निळसर, गप्प. चैत्रानं पाठ चोळली, आणि मग जी ओरडली, की बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. निहार स्टुलावर मटकन बसला आणि ढसाढसा रडला. मुलगी सिद्धीच्या छातीवर ठेवली, तशी सिद्धी तिची बोटं पायापासून मोजायला लागली.

डॉक्टर टाके घालत होत्या. प्रत्येक टाक्याच्या आधी म्हणत, आता एक. सिद्धी मान हलवायची. शेवटी तिनं विचारलं, "किती झाले?"

"पाच," मी सांगितलं.

ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मागच्या वेळी तीनच होते. पण भागक्का, ते अजून दुखतात. हे नाही दुखायचे."

मला तिनं पहिल्यांदाच भागक्का म्हटलं होतं. त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण तीन तीन मिनिटांत मोकळ्या केलेल्या बायका डोळ्यांपुढं आल्या. त्यांतल्या कितीजणींचे टाके अजून दुखत असतील, आणि हिथं सही कर म्हणणारी मीच. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. सिद्धीला वाटलं मी आनंदानं रडतेय. असू दे म्हटलं, तेही थोडं होतंच.

मग चैत्रा बाळाचं इंजेक्शन घेऊन आली आणि पलंगाच्या पायाशी थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगा. मी आज कुणाला काही विचारत नाही."

मी डोळे पुसले. "सिद्धी, बाळाला मांडीत एक सुई द्यायचीय," म्हटलं. "रक्त नीट गोठावं म्हणून जीवनसत्त्व असतं. नाही दिलं तर एखाद्याच बाळाला होतं, पण आतून रक्त जातं आणि जिवावर बेततं. दिलं तर आता दुखेल, मांडी जरा लाल होईल. देऊ?"

मी न सांगताच ती परत म्हणून दाखवायला लागली, जीवनसत्त्व, मांडीत, दुखेल. "द्या," म्हणाली. "पण एक मिनिट. हिला कुठं माहीत आहे?"

आणि तिनं लेकीच्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं. "हे बघ," तिनं हळूच सांगितलं, "तुझ्या मांडीत सुई टोचणार आहेत. दुखेल थोडं. मग थांबेल. मी इथंच आहे."

चैत्राला शब्द कळले नसतील, पण ती सुई धरून थांबली. निहारही श्वास रोखून उभा राहिला. सिद्धीनं मान हलवली, तेव्हा चैत्रानं टोचलं. बाळानं असा काही टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली दोन बाळंही सुरू झाली.

सिद्धीनं तिला उराशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "अगं, सांगितलं होतं नं तुला."